नाडी, दम आणि झोप घरी मोजताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

सकाळी अंथरुणात नाडी ६८. ऑफिसच्या खुर्चीत ८४. दादरचा पूल चढून-उतरून प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर ११२. तिन्ही आकडे बरोबर आहेत. गडबड होते ती ते एकाच रांगेत मांडून "नाडी वाढली" किंवा "घड्याळ बिघडलं" असा निष्कर्ष काढला जातो तेव्हा. शरीर दर मिनिटाला बदलतं. म्हणून आकड्याआधी परिस्थिती ठरवायची: वेळ, बसण्याची पद्धत, शेवटचा चहा कधी घेतला, हवा किती दमट होती.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. विश्रांतीची नाडी माहीत नसताना व्यायामाची पातळी काढता येत नाही, आणि घड्याळाची पडताळणी केली नसेल तर त्याने रात्रभर नोंदवलेल्या आकड्यांवर किती विसंबायचं तेही कळत नाही.

सावधान: छातीत दुखणं, चक्कर, बेशुद्धी किंवा बसल्या जागी धाप लागणं यांपैकी काही अलीकडे झालं असेल, किंवा गेल्या महिन्याभरात हार्ट अटॅक आला असेल, तर टप्पा ४ पासून पुढचं काहीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका.

## टप्पा १: सामान आणि वही

सेकंदकाटा दिसणारं घड्याळ, दंडावर बांधायचं बीपी मशीन, वजनकाटा, शिवणकामाची टेप आणि एक वही एवढं पुरतं. मनगटी स्मार्टवॉच असेल तर उत्तम. धावणाऱ्यांनी शक्य असेल तर छातीला बांधायचा नाडीचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, त्यामुळे हात कितीही हलला तरी आकडा फारसा ढळत नाही.

वहीत प्रत्येक मोजणीसाठी एक ओळ आखा: तारीख, वेळ, स्थिती (आडवे, बसून, उभे), आकडा, आदल्या रात्रीची झोप, शेवटचा चहा किंवा कॉफी, चालू औषधं, तापमान आणि आर्द्रता. हवामानाचा आकडा मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेचा घ्यायचा की सांताक्रूझच्या, ते एकदाच ठरवा. एकाच दिवशी दोन्हीकडच्या नोंदी वेगळ्या असू शकतात, त्यामुळे आज हा आणि उद्या तो असं करू नका.

औषधांचा रकाना रिकामा ठेवू नका. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्या नाडी मुद्दाम खाली ठेवतात. त्या घेणाऱ्यांसाठी टप्पा ४ मधलं वयाचं सूत्र निरुपयोगी आहे.

## टप्पा २: विश्रांतीची नाडी, सलग सात सकाळी

१. जाग आली की उठू नका. फोन हातात घेऊ नका. लघवीची घाई असेल तर जाऊन या आणि पुन्हा पाच मिनिटं शांत पडून राहा.

२. एका हाताची तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूच्या खोबणीत ठेवा. अंगठ्याने मोजू नका, कारण अंगठ्यात स्वतःचीच नाडी जाणवते आणि मोजणी फसते.

३. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चारची होते. पहिला ठोका "शून्य" धरून सुरुवात करा.

४. ठोके एकसारख्या अंतराने पडतात की मध्येच एखादा चुकतो, तेही लिहा. श्वास आत घेताना नाडी जराशी वाढणं आणि सोडताना कमी होणं सामान्य आहे. श्वासाशी मेळ नसलेला, वेडावाकडा ताल पुन्हापुन्हा जाणवला तर ईसीजी काढून घ्या. आकडा कितीही चांगला असला तरी ते टाळू नका.

५. सात दिवसांचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि मधला, म्हणजे चौथा, घ्या. ही तुमची विश्रांतीची नाडी. सरासरीपेक्षा मधला आकडा बरा, कारण तापाची किंवा जागरणाची एखादी सकाळ त्याला ओढून नेत नाही.

मोठ्या माणसांत ६० ते १०० ही सर्वसाधारण मर्यादा धरतात, आणि नियमित धावणाऱ्यांची नाडी ४० ते ६० च्या दरम्यानही असते. रोज १०० च्या वर, किंवा व्यायामाची सवय नसताना ५० च्या खाली राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

बीपी याच आठवड्यात मोजून ठेवा, सकाळ-संध्याकाळ. आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, जिने नकोत. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, दंड हृदयाच्या पातळीला, कफ (मशीनचा हवेने फुगणारा पट्टा) उघड्या दंडावर कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. मोजताना बोलणं किंवा लघवी तुंबलेली असणं, या दोन गोष्टी वरचा आकडा दहाएक अंकांनी वाढवू शकतात. घरोघरी सर्वात जास्त दिसणारी चूक मात्र कफच्या मापाची असते. जाड दंडावर लहान कफ बांधला की बीपी खोटं वर दिसतं. दंडाचा घेर टेपने मोजा आणि कफवर छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहा.

तपासा: सात ओळी पूर्ण आहेत का? मध्ये दोन दिवस गाळले असतील तर आणखी दोन सकाळी घ्या. आठवणीतून आकडे भरू नका.

## टप्पा ३: घड्याळाची पडताळणी

मनगटी घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं आणि किती परत येतो ते पाहतं. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला रक्ताचा लोट आला की परतणारा प्रकाश घटतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. घड्याळ सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि प्रत्येक पावलाला ते त्वचेवर सरकतं.

१. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला बांधा. एक बोट जेमतेम आत जाईल इतकं घट्ट.

२. खुर्चीत पाच मिनिटं बसून एक मिनिट बोटांनी मोजा आणि त्याच मिनिटात घड्याळाचा आकडा तीनदा पाहा. पाचपेक्षा जास्त फरक असेल तर जागा बदला, काच आणि त्वचा कोरडी पुसा, पुन्हा मोजा.

३. मग दहा मिनिटं झपझप चाला. थांबल्या क्षणी बोटांनी पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. इथे पूर्ण मिनिट मोजायचं नाही, कारण तेवढ्यात नाडी उतरायला लागलेली असते.

४. धावताना एक फसवा प्रकार घडतो. घड्याळ नाडी सोडून पावलांचा ताल पकडतं. आरामात धावताय, बोलता येतंय आणि घड्याळ १६५ ते १७५ दाखवतंय, तर तुमची पावलं मोजा. मिनिटाला तेवढीच पडत असतील तर तो आकडा नाडीचा नाही. घड्याळ आणखी वर सरकवून घट्ट करा किंवा छातीचा पट्टा वापरा.

छातीचा पट्टा स्तनांच्या किंवा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, बरगड्यांवर बसतो. त्याचे रबरी भाग बांधण्याआधी पाण्याने ओले करा. पहिली पाच-सात मिनिटं आकडे उड्या मारत असतील तर बहुतेक वेळा पट्टा कोरडा असतो आणि घाम आल्यावर आपोआप सुधारतो. वापर झाला की मधलं यंत्र काढून ठेवा आणि पट्टा साध्या पाण्याने धुवा. मुंबईच्या दमट हवेत ओला पट्टा बॅगेतच राहिला तर घामाचा क्षार बटणांवर साचतो. यंत्र लावलेलंच राहिलं तर ओलाव्यामुळे ते चालूच राहतं आणि बॅटरी लवकर संपते.

तपासा: दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घड्याळांची "विश्रांतीची नाडी" एकमेकांशी ताडू नका. कोणी ती झोपेतल्या नोंदींवरून काढतं, कोणी दिवसभरातल्या शांत वेळेवरून.

## टप्पा ४: व्यायामाची पातळी काढणे

२२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. चाळिशीनंतर २०८ वजा (०.७ गुणिले वय) हे जास्त जवळचं उत्तर देतं. साठीच्या माणसाला पहिलं १६० सांगतं, दुसरं १६६. दोन्ही सूत्रं अंदाजच आहेत. प्रत्यक्ष कमाल नाडी त्यापासून दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणं अगदी सामान्य आहे.

आता टप्पा २ चा आकडा कामाला येतो. वय ४५, विश्रांतीची नाडी ७२ असं धरू.

कमाल: २०८ वजा ३१.५, म्हणजे साधारण १७६.
राखीव (कमाल आणि विश्रांतीच्या नाडीतलं अंतर): १७६ वजा ७२, म्हणजे १०४.
मध्यम व्यायाम राखीवच्या ४० ते ६० टक्के: ७२ अधिक ४२ ते ७२ अधिक ६२, म्हणजे ११४ ते १३४.

घड्याळातले रंगीत झोन बरेचदा फक्त कमाल नाडीच्या टक्केवारीवर बेतलेले असतात, विश्रांतीची नाडी त्यात नसते. सेटिंगमध्ये राखीव पद्धत असेल तर ती निवडा आणि दोन्ही आकडे स्वतः भरा.

नाडी कमी ठेवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर हे गणित सोडा आणि श्रमाची जाणीव ० ते १० मध्ये लिहा. शून्य म्हणजे निवांत, दहा म्हणजे आणखी एक पाऊलही शक्य नाही. मध्यम व्यायामात पूर्ण वाक्य बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. ही कसोटी गोळ्या न घेणाऱ्यांनीही आकड्याच्या शेजारी लिहावी. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर बहुधा सूत्र तुमच्या बाबतीत चुकतंय.

## टप्पा ५: ठरावीक वेगाची चाचणी

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. लोक सोमवारी मरीन ड्राइव्हवर चालतात, बुधवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या चढावर, आणि रविवारी नाडीचे आकडे शेजारी ठेवून प्रगती शोधतात. चढ, वारा, गर्दी, सिग्नल, सगळं त्या आकड्यांत मिसळलेलं असतं. चाचणीसाठी एकच सपाट जागा ठरवा. प्रियदर्शिनी पार्कसारखा ४०० मीटरचा ट्रॅक मिळाला तर सर्वात आतल्या लेनमध्ये चाला. उंच इमारतींच्या मध्ये जीपीएसचं अंतर भरकटतं, आखलेलं अंतर भरकटत नाही.

१. दोन तास आधी जेवण संपलेलं, तीन तास कॉफी-चहा नाही, आदल्या दिवशी कठीण व्यायाम नाही. वेळ दर खेपेला तीच.

२. दहा मिनिटं सावकाश चालून शरीर तापवा.

३. वीस मिनिटं एकाच वेगाने चाला. ४०० मीटरला ४ मिनिटं म्हणजे ताशी ६ किलोमीटर, दर १०० मीटरला एक मिनिट. हा वेग झेपत नसेल तर फेरीला ४ मिनिटं ४८ सेकंद, म्हणजे ताशी ५. पहिल्या फेरीत ओढ घेऊन पुढे रेंगाळलात तर चाचणी बाद.

४. पाचव्या ते दहाव्या मिनिटाची सरासरी नाडी आणि पंधराव्या ते विसाव्या मिनिटाची सरासरी नाडी वेगवेगळी लिहा.

५. विसाव्या मिनिटाला घड्याळाचं बटण दाबून नोंद बंद करू नका. त्या क्षणाची नाडी लिहा, अगदी मंद चालत राहा आणि बरोबर ६० सेकंदांनी पुन्हा लिहा. १३२ वरून ११० आली तर उतार २२. कधी बसलात, कधी उभे राहिलात तर उतार बदलतो, म्हणून मंद चालण्याचा नियम मोडू नका.

दवाखान्यातल्या पूर्ण दमछाकीच्या ट्रेडमिल चाचणीत पहिल्या मिनिटाचा उतार १२ किंवा त्याहून कमी असणं धोक्याचं मानतात. ती मर्यादा घरच्या मध्यम चालीला लावू नका. तिथे नाडी मुळातच कमी चढलेली असते. घरचा उतार फक्त स्वतःच्या मागच्या उताराशी ताडा.

मुंबईच्या हवेचा हिशेब. त्याच वेगात दुसरी सरासरी पहिलीपेक्षा वर सरकते. घामातून पाणी गेल्याने रक्ताचं आकारमान घटतं, शिवाय अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, आणि प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जात असल्याने हृदय ठोके वाढवतं. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणून ऑक्टोबरच्या चिकचिकीत हा फरक जानेवारीपेक्षा मोठा येतो. तेवढ्यावरून दम कमी झाला असं ठरवू नका. पहाटे तापमान कमी असलं तरी आर्द्रता दिवसातली सर्वात जास्त असू शकते, त्यामुळे "पहाट म्हणजे थंड" एवढं लिहून भागत नाही. दोन्ही आकडे वहीत हवेत. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी पावसाळ्यापासून तयारी करणाऱ्यांनी जुलैची नोंद जुलैशी आणि डिसेंबरची डिसेंबरशी ताडावी.

घाम मोजणंही सोपं आहे. व्यायामाआधी लघवी करून, कमीत कमी कोरड्या कपड्यांत वजन घ्या. नंतर अंग पुसून, तेवढ्याच कोरड्या कपड्यांत पुन्हा. काटा फरशीवर ठेवा, चटईवर नाही. तासाभरात वजन ६४.८ वरून ६३.९ झालं आणि मध्ये ३०० मिलिलिटर पाणी प्यायलात, तर घाम ९०० अधिक ३००, म्हणजे साधारण १.२ लिटर. मध्ये लघवी झाली असेल तर तेवढी वजा करा. वजन दोन टक्क्यांहून जास्त घटलं तर पुढच्या वेळी जास्त प्या.

सावधान: व्यायामानंतर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पीत आहात. लांब अंतराच्या धावेत हे धोक्याचं ठरू शकतं. रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळ आणि गोंधळल्यासारखं होतं.

ही चाचणी महिन्यातून दोनदा पुरे.

## टप्पा ६: ज्यांना वेगाने चालणं झेपत नाही

घरातले वयस्कर, दम्याचे किंवा आजारातून उठलेले लोक यांच्यासाठी सहा मिनिटांची चाल. इमारतीचा पॅसेज किंवा पोडियमवर टेपने ३० मीटर मोजून दोन्ही टोकांना खूण करा. एका टोकाला खुर्ची ठेवा. पावसाळ्यात ओल्या लादीवर अजिबात नको.

चालण्याआधी दहा मिनिटं खुर्चीत बसवा, नाडी, बीपी आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरने रक्तातला ऑक्सिजन लिहा. बसल्या जागी नाडी १२० च्या वर किंवा बीपी १८०/१०० च्या वर असेल तर त्या दिवशी चाचणी नाही. शरीर तापवण्याची चाल इथे नको. सूचना एकच: सहा मिनिटांत जितकं जास्त अंतर जाईल तितकं चालायचं, धावायचं नाही, थांबावंसं वाटलं तर थांबायचं, घड्याळ मात्र चालूच राहील. बरोबर चालणाऱ्याने शेजारून चालू नये, नकळत वेग त्याचा होतो. मागे राहा.

जाऊन-येऊन एक फेरी ६० मीटर. आठ फेऱ्या आणि वर २५ मीटर म्हणजे ५०५. पहिल्यांदा केलेली चाल सहसा कमी भरते, कारण अंदाज नसतो. तासाभराने पुन्हा करा आणि मोठा आकडा धरा. फुप्फुसाच्या जुनाट आजारात साधारण ३० मीटरचा फरक अर्थपूर्ण मानतात, पाच-दहा मीटरचा नाही.

बोटावरचा ऑक्सिमीटर चालताना पाहू नका. थांबून, हात स्थिर ठेवून, आकडा अर्धा मिनिट टिकला की लिहा. नेलपॉलिश, गडद मेंदी आणि थंड बोटं यांनी आकडा बिघडू शकतो.

## टप्पा ७: झोप

आधी वही, मग घड्याळ, मग गरज पडली तर तपासणी. लोक उलट जातात.

चौदा दिवस रोज सकाळी लिहा: दिवे कधी घालवले, अंदाजे किती मिनिटांत झोप लागली, किती वेळा आणि एकूण किती मिनिटं जाग आली, शेवटची जाग, अंथरूण सोडल्याची वेळ, दुपारची डुलकी, चारनंतरचा चहा. रात्री घड्याळ पाहू नका, अंदाज चालतो. घड्याळ पाहण्यानेच झोप उडते. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी तारखेऐवजी झोपेला क्रमांक द्यावा, नाहीतर सकाळी आठला सुरू झालेली झोप चुकीच्या दिवसात जाते.

साडेअकरा ते सहा म्हणजे ३९० मिनिटं अंथरुणात. झोप लागायला ३०, मधली जाग २५. उरली ३३५. तिला ३९० ने भागून शंभरने गुणलं की ८६ टक्के. ८५ च्या वर ठीक. सतत खाली राहत असेल तर अंथरुणातला वेळ आणि झोपेचा वेळ यांत तफावत आहे.

मनगटी घड्याळ हालचाल आणि नाडी यांवरून झोपेचा अंदाज बांधतं. निपचित जागे पडलात तर ते झोप धरतं. गाढ झोप, स्वप्नांची झोप असे भाग ते सांगतं, पण ते भाग खरे ठरतात मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण पाहून. म्हणून घड्याळाकडून दोनच गोष्टी घ्या: झोपेची वेळ नियमित आहे का, आणि रात्रीची सर्वात कमी नाडी आठवड्यागणिक कुठे चालली आहे. उशिराचं जड जेवण, दारू आणि ताप ती वर नेतात. ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार मोजायचा असेल तर तो रोज एकाच वेळी, एकाच स्थितीत घ्या आणि एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नका. घड्याळाच्या हातावर कूस करून झोपलात तर रक्तप्रवाह दबून ऑक्सिजनचा खोटा खड्डा दिसतो.

घोरण्यासाठी फोन डोक्यापासून हातभर अंतरावर ठेवून आवाज रेकॉर्ड करा. पंखा किंवा एसीची घरघर फोनच्या थेट तोंडावर येऊ देऊ नका. घोरणं अचानक थांबतं, दहा सेकंदांहून जास्त शांतता, मग गुदमरल्यासारखा श्वास. हा नमुना ऐकू आला तर त्याच्या वेळा लिहा. शेजारी झोपणाऱ्याला विचारा. मोठ्याने घोरणं, दिवसा लोकलमध्ये बसल्याबसल्या झोप, श्वास थांबलेला कुणी पाहिलेला, उच्च बीपी, बीएमआय (किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, पुरुष असणं. या आठांतले तीन किंवा जास्त "हो" असतील तर झोपेच्या तपासणीबद्दल (अंगाला सेन्सर लावून रात्रभर झोपेची आणि श्वासाची नोंद) डॉक्टरांशी बोला.

## टप्पा ८: झोपेच्या तपासणीची तयारी

केस धुवा, तेल लावू नका, नाहीतर डोक्यावरचे सेन्सर रात्री सुटतात. नेलपॉलिश काढा. त्या दिवशी दुपारची झोप आणि दुपारनंतरचा चहा नको. रोजच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका. उशी आपली न्या.

घरी होणारी तपासणी सोयीची असते, पण तिच्या साध्या प्रकारांत मेंदूच्या लहरी नसतात. श्वास थांबण्याचे प्रसंग प्रत्यक्ष झोपेऐवजी एकूण नोंदीच्या वेळेने भागले जातात, त्यामुळे अर्धी रात्र जागे असाल तर आकडा खोटा कमी येतो. अहवालात तासाला ५ ते १५ प्रसंग सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि वर तीव्र. घरचा अहवाल स्वच्छ आला आणि दिवसा झोप आवरतच नसेल, तर लॅबमधली पूर्ण रात्रीची तपासणी मागा.

डॉक्टरांकडे जाताना घड्याळाच्या अ‍ॅपमधले रंगीत आलेख दाखवत बसू नका. चौदा दिवसांची झोपेची वही, सात सकाळींची नाडी, बीपीचे सगळे आकडे, औषधांची यादी आणि घोरण्याची दोन मिनिटांची क्लिप, एवढं एका पाकिटात न्या.